हळदीचे फूल एका रात्रीत का गेले?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या मुलांच्या पानावर मागे घरच्या घरी शुभेच्छापत्रे करण्याच्या काही कृती आल्या होत्या. त्यातली हळदीची कृती माझ्या सातवीतल्या नातीने उचलली. तीन ओळींची कृती. कोऱ्या कागदाला हळदीचा लेप लावा, वाळू द्या, साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून त्यावर चित्र काढा. दुसऱ्या दिवशी माझ्या सुनेचा वाढदिवस होता. संध्याकाळी नातीने जास्वंदीचे फूल काढले. पिवळ्यावर लालभडक उमटले आणि पोरगी घरभर नाचली. सकाळी कार्ड आईच्या हातात द्यायला गेली, तर फूल तपकिरी पडलेले, कडा पिवळ्यात विरलेल्या, आणि घडीवर लेपाचे पोपडे सुटलेले. ती कार्ड घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "आजोबा, फूल गेलं."

हे पत्र त्या फुलाबद्दल आहे. कृती खोटी होती असे माझे म्हणणे नाही. हळद साबणाने लाल होते हे खरे आहे. एनसीईआरटीच्या सातवीच्या जुन्या विज्ञानाच्या पुस्तकातही आईच्या वाढदिवसाला असेच कार्ड करायला सांगितले होते. पण हळद लाल का होते, ती लाली किती वेळ राहते, कागद कसला घ्यायचा, घडी आधी मारायची की नंतर, यातले काही आपल्या पानावर नव्हते. काम फसले की मुलाला वाटते आपलाच हात वाईट. माझी नात दोन दिवस रंगांच्या डब्याकडे फिरकली नाही. म्हणून लिहायला बसलो.

माझ्याबद्दल थोडे सांगतो, कारण त्याशिवाय मी कागदाविषयी एवढे का बोलतो ते कळणार नाही. १९७५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, मी सांगलीत गावभागातल्या एका छापखान्यात लागलो. आधी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, सोडवून आपापल्या खणात टाकायचे काम, मग ती जुळवणारा जुळारी, मग ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर. लग्नपत्रिका, हँडबिले, पावतीपुस्तके, आणि डिसेंबर लागला की संक्रांतीची भेटकार्डे. ज्यांचे वय माझ्या आसपास आहे त्यांना आठवत असेल. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' छापलेले छोटे कार्ड आणि त्याला चिकटवलेली हलव्याची चिमुकली पुडी. ते पाकिटातून गावोगाव जायचे. पोस्टाचा शिक्का बसेपर्यंत हलव्याचा काटा मोडलेला असायचा, पण पुडी यायची. आमच्याकडे ते कार्ड तीन रंगांत निघायचे. म्हणजे तोच कागद तीनदा यंत्रात घालायचा, आणि तिन्ही वेळा केसभरही हलू द्यायचा नाही.

ट्रेडलवर माणूस पहिली गोष्ट शिकतो ती कागदाचा ग्रेन. गिरणीत कागद तयार होताना त्यातले तंतू एका दिशेने आडवे होतात. त्या दिशेने घडी मारली तर ती सुरीने आखल्यासारखी बसते. उलट दिशेने मारली तर जाड कागद घडीवर फुटतो, आणि वर रंग असेल तर पांढरी रेघ दिसते. नातीच्या कार्डाचे पोपडे घडीवरच का सुटले त्याचे अर्धे उत्तर इथे आहे. तिने कार्डशीट हाताला येईल तशी कापली होती. ग्रेन ओळखायला यंत्र लागत नाही. कागदाच्या कोपऱ्याचा बोटभर तुकडा कापून एका बाजूने ओला करा. तो लगेच नळीसारखा वळतो. नळी ज्या दिशेला लांब, तो ग्रेन. कार्डाची घडी त्या दिशेला समांतर यायला हवी. आणि घडी मारण्याआधी शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून एक दाबरेघ ओढायची. याला आम्ही क्रीझिंग म्हणायचो. २५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणारा, कागद दाबरेघेशिवाय दुमडणे हा छापखान्यात गुन्हा होता. मुलांना हे सांगायला दोन मिनिटे लागतात. त्यानंतर ते जन्मात वाकडी घडी मारत नाहीत.

आता हळद. सांगलीच्या माणसाने हळदीपुढे हरायचे हे मला पटेना. आमच्या बाजारात हळदीची पोती बघत मी मोठा झालो, २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. उत्तर शेवटी आमच्या सौं.नी दिले, तेही कपडे वाळत घालताना. पांढऱ्या सदऱ्यावर आमटीचा डाग पडला की साबण लावताच तो लाल होतो, खळबळून काढला की पुन्हा पिवळा, आणि कडक उन्हात दोन दिवस वाळवला की नाहीसा. कोणत्याही घरातल्या बाईला हे ठाऊक असते. साबण आम्लारीधर्मी आहे म्हणून हळद लाल होते. तो धर्म हवेत ओसरला की लालीही ओसरते. आणि हळदीतला रंग उन्हाला मुळीच टिकत नाही. नातीचे फूल गेले ते पहिल्या कारणाने. पण मी अडकलो दुसऱ्या कारणात. उन्हाने हळद उडते, तर मग उन्हालाच चित्र काढायला का लावू नये?

नंतर कळले की ही युक्ती जुनी आहे. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२च्या सुमारास फुलांच्या रसावर उन्हाने चित्रे उमटवून पाहिली होती. मला त्याचा पत्ता नव्हता, म्हणून मी चुका करत गेलो, आणि त्या चुका इथे लिहितो.

पहिल्यांदा हळद पाण्यात कालवली. लेप जाड बसला, वाळल्यावर भुकटी झाली, पान ठेवून उन्हात ठेवले तर वरचा थर उडाला आणि खालचा तसाच राहिला. चित्र उमटलेच नाही. मग औषधाच्या दुकानातून सर्जिकल स्पिरिट आणले. एक चमचा हळद, तीन चमचे स्पिरिट, पंधरा मिनिटे झाकून ठेवायचे आणि फडक्याने गाळून घ्यायचे. रंग स्पिरिटमध्ये उतरतो, गाळ फडक्यावर राहतो. हे पातळ पिवळे पाणी रुंद ब्रशने एकदा आडवे, वाळले की एकदा उभे द्यायचे. खोलीत अंधार नको, पण कागदावर थेट ऊन पडू देऊ नये. स्पिरिट पेट घेते, तेव्हा हे काम स्वयंपाकघरात करायचे नाही, आणि मोठे माणूस शेजारी हवे. आपल्या पानावर अशी कृती छापाल तेव्हा हे वाक्य ठळक छापा.

वाळलेल्या कागदावर पान ठेवले, वर काच ठेवली, चारी बाजूंनी चिमटे लावले आणि गच्चीवर नेले. पान कोणते घ्यायचे हाही अनुभवाचा भाग आहे. आंब्याचे पान जाड, त्याच्याखाली नुसती पिवळी आकृती राहते, आत काही नाही. पिंपळाचे जाळीदार वाळके पान घेतले तर शीर न् शीर उतरते. चिंचेची डहाळी सुंदर येते. गुलमोहराची कोवळी डहाळीही, पण ती उन्हात आकसते आणि कडा धूसर होतात. काच घट्ट दाबलेली असेल तरच रेघ स्वच्छ येते. एप्रिलमध्ये अकरा ते दोन या उन्हात मला तीन तास पुरले. डिसेंबरात पाच लागले. आषाढात दोन दिवस ठेवले आणि काहीच झाले नाही, कागद ओलसर होऊन बुरशीचा वास आला तेवढा. उघडा भाग फिका, जवळजवळ पांढरा होतो, पानाखालचा पिवळा राहतो. न बोलता उन्हाने केलेले काम असते ते. नातीने पहिल्यांदा काच उचलली तेव्हा ती काहीच म्हणाली नाही, नुसती बघत राहिली.

त्या पिवळ्याला लाल करायचे तर साबण किंवा धुण्याचा सोडा नको. सोड्याने लाल झालेले दोन-चार दिवसांत तपकिरी पडते. टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, चांगला. पारंपरिक कुंकू करताना हळकुंडांना लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटी यांची पुटे देतात. पंढरपूरचे कुंकू आपण पिढ्यान्‌पिढ्या लावत आलो, त्यातच याचे उत्तर होते. अर्धा चमचा टाकणखार कपभर कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने हलक्या हाताने फिरवला की पिवळी चिंच तांबूस होते आणि ती तांबूस झाक माझ्या पेटीत कित्येक महिने राहिली आहे. टाकणखार पोटात जाता कामा नये, तेव्हा लहान मुलांच्या हाती तो देऊ नये, हात धुवावेत. आणि हे कार्ड भिंतीवर लावायचे नसते. उन्हाने काढलेले चित्र उन्हातच पुसले जाते. पाकिटात ठेवले तर राहते. मी प्रत्येक कार्डाच्या पाठीमागे बारीक अक्षरात लिहितो, 'उन्हापासून जपा'.

या सगळ्यासाठी कागद कोणता, हा प्रश्न उरतोच. गुळगुळीत आर्ट कार्डावर हळद बसत नाही, कारण त्यावर पांढऱ्या मातीचा थर असतो, रंग त्यात मुरत नाही. सगळ्यात छान बसते हातकागदावर. आणि हातकागदाकडे मी कसा वळलो ते सांगितल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या छापखान्यात शिरले. २००५ सालीही शिरले होते, पण या वेळी ते माळ्यापर्यंत गेले. आम्ही घरची माणसे विश्रामबागेत माझ्या बहिणीकडे होतो. पाणी उतरल्यावर दार उघडले तेव्हा खिळ्यांच्या केसांत, म्हणजे खणांच्या लाकडी पेट्यांत, गाळ भरलेला, ट्रेडलचे चाक चिखलात, आणि कागदाची रिमे फुगून पावासारखी झालेली. लग्नसराईसाठी घेतलेले आयव्हरी कार्ड, दहा-दहा रिमांचे थप्पे, एकमेकांना चिकटून गेलेले. मालकांनी नंतर छापखाना उघडलाच नाही. त्यांचे वयही झाले होते. ट्रेडल भंगारात गेले, त्या दिवशी मी तिकडे गेलो नाही. मला त्यांनी लाकडी अक्षरांच्या दोन केसा, गणपतीचे चार-पाच जस्ताचे ब्लॉक, म्हणजे छपाईचे ठसे, आणि प्रुफे काढायचा लोखंडी रूळ दिला.

ती भिजलेली रिमे उकिरड्यावर निघाली होती. माझ्याच्याने बघवेना. दोन पोती घरी आणली. गाळ धुऊन काढायला तीन दिवस लागले. मग कागद फाडून बादलीत दिवसभर भिजवला, जुन्या मिक्सरमध्ये भरपूर पाणी घालून थोडा थोडा फिरवला. लाकडी चौकटीला मच्छरदाणीची जाळी ताणून खिळवली, तशीच एक रिकामी चौकट वर धरली, आणि टबातल्या लगद्यात बुडवून आडवी उचलली. पाणी खाली गळते, जाळीवर लगद्याचा पातळ थर राहतो. तो जुन्या धोतराच्या तुकड्यावर पालथा घालायचा. सांगायला सोपे आहे. माझे पहिले अकरा कागद फाटले. थर पातळ होता, आणि मी उचलताना चौकट तिरकी धरत होतो. नंतरचे वाळताना पापडासारखे वळले, कारण मी ते थेट उन्हात टाकले. सावलीत, खिडकीच्या काचेला चिकटवून वाळवले तेव्हा सपाट आले, आणि काचेकडची बाजू गुळगुळीत. मग त्यावर शाईने लिहिले तर अक्षर टीपकागदासारखे पसरले. त्याला उपाय खळीचा. तांदळाची पातळ पेज गाळून दोन्ही बाजूंना ब्रशने द्यायची, वाळली की शंखाने किंवा स्टीलच्या वाटीच्या बुडाने घोटायची. आपल्या मुलखात जुन्या दप्तरांचा कागद असाच खळ देऊन घोटलेला असे. दौलताबादजवळ कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा मोठी. पुण्यात शिवाजीनगरला १९४० सालापासून हातकागद संस्था आहे, तिथे सुती कपड्यांच्या कात्रणांचा लगदा वापरतात. सुती तंतू लांब, म्हणून तो कागद चिवट. माझा कागद छापखान्याच्या रद्दीचा, त्यामुळे त्याला ती ताकद नाही. पण एक गुण त्यात आहे. यंत्राच्या कागदासारखा ठाम ग्रेन त्याला नसतो, कुठूनही दुमडला तरी सारखाच वागतो.

कितीही धुतला तरी त्या कागदाचा रंग कृष्णेच्या गाळाचाच राहिला. त्या वर्षी दिवाळीला मी त्याची बावीस कार्डे केली. लाकडी अक्षरे, रूळ, काळी शाई, 'दीपावलीच्या शुभेच्छा' एवढेच शब्द. पुराच्या दिवसांत ज्यांनी ज्यांनी आम्हाला थारा दिला, जेवण पाठवले, होडीतून शेजारच्या म्हातारीला काढले, त्यांना पाठवली. बहिणीने ते कार्ड अजून देवघरात ठेवले आहे.

त्या छपाईत मला एक गोष्ट उलटी शिकावी लागली. ट्रेडलवर खिळा कागदात रुतू द्यायचा नाही, नुसते चुंबन घेतल्यासारखा टेकला पाहिजे, ही आमची शिस्त. कागदाच्या पाठीवर अक्षर उठले की मालक जॉब परत द्यायचे. हातकागद मऊ. त्यात अक्षर खोल जाते आणि बोटाला लागते. मी ते दोष समजून झाकायला बघत होतो. नात म्हणाली, "आजोबा, हेच छान आहे, वाचताही येतं आणि चाचपताही येतं." मग मी शाईच न लावता ओलसर कागदावर गणपतीचा ब्लॉक दाबून पाहिला. कागदाच्याच रंगाचा गणपती, तिरप्या उजेडात दिसणारा. चव्वेचाळीस वर्षे ज्याला चूक म्हटले, ते करताना त्या दिवशी माझा हात थरथरत होता. ब्लॉक नसेल त्यांनी जाड कार्डातून आकार कापावा, त्यावर किंचित ओला केलेला कागद ठेवावा आणि चमच्याच्या पाठीने कडेकडेने दाबत जावे. कागद ओला म्हणजे थेंब गळणारा नव्हे. फडक्यात गुंडाळून तासभर ठेवलेला, गालाला लावला तर गार लागणारा. एवढीच ओल हवी.

आता त्याच पानावरच्या दुसऱ्या कृतीकडे येतो, ती म्हणजे पाण्यावरच्या रंगांची, ज्याला सगळे मार्बलिंग म्हणतात. आपण दाढीचा फेस वापरायला सांगितले होते. मी करून पाहिले, चालते. ताटात फेस पसरून त्यावर रंगाचे थेंब, काडीने रेघा, कागद टेकवून उचलायचा आणि पट्टीने फेस खरवडायचा. पाच मिनिटांत काम. मात्र रेघ जाड येते, आणि फेसाचा डबा दोन मुलांत संपतो. सांगलीपासून फार दूर नसलेल्या विजापुरात, आदिलशाहीत, सतराव्या शतकात या कलेतून अशी चित्रे झाली की ती आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. हडकुळा घोडा, त्याच्या अंगावर ढगांसारख्या रंगाच्या लाटा. फारसीत 'अब्र' म्हणजे ढग, म्हणून या कागदाला अब्री म्हणत. आणि रंग तरंगते ठेवायला इराणात आणि हिंदुस्थानात जे घट्ट पाणी वापरत, ते मेथीच्या बियांचे. मेथी आपल्या प्रत्येक घरात आहे. हे कळल्यावर मला राहवले नाही.

पहिल्या दिवशी दोन चमचे मेथी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवली, सकाळी गाळली, रंग टाकला. सगळा रंग तळाला गेला. सौ. मागून बघत होत्या. म्हणाल्या, "अहो, केसांना लावायला भिजवते तेव्हा मी मूठभर घालते, आणि सकाळी चांगली घोटून घेते, तेव्हा कुठे बुळबुळीत होते." दुसऱ्या दिवशी सहा चमचे, सकाळी घोटली, फडक्यातून दोनदा गाळली. पाणी पातळ कढीसारखे झाले आणि रंग वर राहिला. पण पसरेना, थेंब थेंबच बसला. रंगात भांडी घासायच्या द्रवाचे काडीच्या टोकाएवढे थेंब मिसळले तेव्हा तो पसरू लागला. जुने कारागीर त्यासाठी बैलाचे पित्त वापरत. द्रव जास्त झाला तर रंग पळतो आणि मधे पाण्याची भोके पडतात, तेव्हा एकेक थेंब टाकून बघत जावे. तिसऱ्या दिवशी पाण्यावर नक्षी इतकी सुरेख आली की नातीने शेजारच्या मुलींना बोलावले. कागद टेकवला, उचलला, नळाखाली धरला आणि सगळी नक्षी वाहून मोरीत गेली. मुली गप्प उभ्या.

राहिली होती तुरटी. एक चमचा तुरटीची पूड पेलाभर कोमट पाण्यात विरघळवून स्पंजने कागदाला आधी लावायची आणि वाळू द्यायची. तुरटी रंगाला कागदाशी बांधून ठेवते. कापड रंगवणाऱ्यांना हे केव्हापासूनच ठाऊक आहे. ज्या बाजूला तुरटी लावली तिच्या उलट बाजूला पेन्सिलने फुली मारावी, नाहीतर वाळल्यावर बाजू ओळखता येत नाही. तुरटी मुलांनी उत्साहाने जास्त लावली की कागद काही वर्षांनी पिवळा आणि ठिसूळ होतो, तेव्हा हात आखडताच बरा. दोन नक्ष्यांच्या मधे पाण्यावर उरलेला रंग काढायला वर्तमानपत्राच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी पाण्यावरून ओढायची. ही पट्टी मी आपल्याच अंकाची घेतो. उन्हाळ्यात मेथीचे पाणी दुसऱ्या संध्याकाळी आंबते आणि घरभर वास सुटतो, तेव्हा लागेल तेवढेच करावे.

ही सगळी पोरखेळाची कामे आहेत असे कोणी म्हणेल. गेल्या वर्षी एका शाळेने मला सातवीच्या वर्गावर बोलावले. अडतीस मुले. मी हळदीचे सामान नेले होते. एका मुलीने तिच्या कुंपणावरची गोकर्णीची फुले ओंजळभर आणली होती, कारण घरी तिने त्याचा निळा रंग निघतो ते पाहिले होते. आम्ही ती गरम पाण्यात टाकली, निळे पाणी कागदाला दिले. वाळल्यावर तिने लिंबाच्या रसात काडी बुडवून आपल्या भावाचे नाव लिहिले. गुलाबी उमटले. शेजारच्या मुलाने खाण्याचा सोडा कालवून पान काढले, ते हिरवे उमटले. एकाच निळ्या कागदावर गुलाबी नाव आणि हिरवे पान, रंगाची पेटी न उघडता. राखीबरोबर पाठवायचे कार्ड होते ते. मला ही युक्ती ठाऊक नव्हती. मी तिच्याकडून शिकलो आणि तिला तसे सगळ्यांसमोर सांगितले. वर्गात मागे बसणारा एक मुलगा, ज्याला वाचायला अडखळते असे बाईंनी मला आधी सांगितले होते, त्याने तासभरात चार प्रमाणे करून पाहिली आणि वहीत लिहून ठेवली. लिंबू किती थेंब, रंग कसा. ते पान मी त्याच्याकडून मागून घेतले आहे.

बाजारात कार्डे करण्याचे संच मिळतात. कापलेली फुले, चिकटवायचे मोती, कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली वेलबुट्टी. क्विलिंगला हात कसबी लागतो, मला त्याचा आदर आहे. पण ती कार्डे हाती द्यायची, पोस्टाने पाठवायची नव्हेत. फुगीर कार्ड टपालाच्या थैलीत चेपते. शिवाय वजन आहे. साध्या टपालाला पहिल्या वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचे तिकीट लागते. २५० जीएसएमची ए-फोर आकाराची कार्डशीट जवळजवळ साडेपंधरा ग्रॅम भरते. अख्ख्या शीटचे कार्ड केले आणि वर जाड पाकीट घातले की वीस ओलांडतात, आणि कमी तिकिटाचे पाकीट गेले तर दंड ज्याला शुभेच्छा दिल्या त्यालाच भरावा लागतो. तीच शीट मधोमध कापून अर्ध्याचे कार्ड केले तर आठ ग्रॅमच्या आत, पाकीट धरून बारा-तेरा. सात ग्रॅम मोकळे राहतात. त्यात हलव्याची पुडी बसते. हा हिशेब मुलांनी स्वतः स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून पाहावा. माझ्या नातीने मागच्या संक्रांतीला केला, आणि तिची नऊच्या नऊ कार्डे पोचली.

आपल्याकडे माझे मागणे असे. मुलांच्या पानावर कृती कमी छापा, पण एकेक कृती पुरी छापा. आठवड्याला एकच द्या. चमचे किती, वेळ किती, ऋतू कोणता, कागद कोणता, आणि असे का होते हे दोन साध्या वाक्यांत. छापण्याआधी कोणीतरी ती घरी करून पाहावी, आणि पहिल्यांदा करताना काय फसले तेही फोटोसकट छापावे. वाहून गेलेल्या नक्षीचा फोटो बघितलेले मूल स्वतःची नक्षी वाहून गेली तर रंगांचा डबा बंद करणार नाही, ते तुरटी शोधेल. वाचकांनाही कळवायला सांगा. कोकणातल्या दमट हवेत हळदीला किती वेळ लागतो, विदर्भाच्या मे महिन्यात किती, हे मला सांगलीत बसून सांगता येत नाही, तिथल्या मुलांना सांगता येईल. ती आकडेवारी आपल्या पानावर जमत गेली तर मी ती दर रविवारी कापून ठेवीन. जागेची अडचण मी समजू शकतो, मी जन्मभर कॉलमच्या सेंटिमीटरांतच काम केले आहे. त्यासाठी लागेल ती मदत करायला तयार आहे, मोबदला नको.

पत्रासोबत दोन कार्डे जोडली आहेत. एक गाळाच्या कागदावरचा बिनशाईचा गणपती. तो खिडकीजवळ तिरपा धरून बघावा, समोरून दिसत नाही. दुसरे हळदीवरची चिंचेची डहाळी, निम्मी पिवळी, निम्मी टाकणखाराने तांबूस केलेली. त्याच्या पाठीमागे मी तारीख टाकली आहे. त्याच दिवशी, त्याच काचेखाली केलेले त्याचे जोडीचे कार्ड माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे. आपले कार्ड कृपया कचेरीत टेबलावर उघडे ठेवावे, उजेड लागू द्यावा, आणि दिवाळीच्या आठवड्यात ते मला परत पाठवावे. परतीचे तिकीट लावलेले पाकीट आत आहे. दोन्ही शेजारी ठेवून रंग किती उडाला ते नात आणि मी मोजणार आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना ट्रेडलवाला
गावभाग, सांगली